गच्चीवरचं तळघर

भोपाळ स्टेशनातून बाहेर पडलो आणि समोरच्या फलकावर माझी भाची दिसली. ऋजुता, दोन मजली उंच, गळ्यात हेडफोन, हातात कुठल्याशा शीतपेयाची बाटली. खाली हिंदीत लिहिलं होतं, 'बेसमेंट : इस रविवार, मॉल की छत पर'. तळघर, आणि तेही गच्चीवर! सकाळी सकाळी रिकाम्या पोटी एवढा मूर्खपणा झेपत नाही मला.

"को खां, कहाँ चलना है?" रिक्षावाल्यानं विचारलं. ('को खां' म्हणजे 'काय राव', इथल्या जुन्या शहरातली हाक.) कोलार रोड सांगितलं. वाटेत पोहे खाल्ले, वर शेव आणि शेजारी जिलबी. पुण्यात कुणी पोह्यांबरोबर जिलबी दिली असती तर मी गल्ल्यावर जाऊन भांडलो असतो. इथे निमूट दुसरी प्लेट मागवली.

ताई, म्हणजे ऋजुताची आई, भाऊजींच्या सरकारी कारखान्यातल्या नोकरीमुळे इथे आली ती इथलीच झाली. दारातच म्हणाली, "बॅनर बघितलास ना? मी तर रिक्षा रुकवून बघितला. उद्या मी पहिल्यांदा तिला वाजवताना बघणार."

पहिल्यांदा, कारण ऋजुता दोन वर्षं हे घरच्यांपासून लपवून करत होती. मागच्या खेपेला तिनं मला गुपचूप नेलं होतं. महाराणा प्रताप नगरातल्या एका कोचिंग क्लासचं तळघर. ती तिथेच शिकवायची. रविवारी दुपारी क्लास रिकामा असला की ती आणि तिचे मित्र बाकं भिंतीला लावायचे, झरोक्यांना चादरी बांधायचे आणि ठोक्याचं संगीत सुरू करायचे. शब्द नाहीत, चाल नाही, तासन् तास हळूहळू बदलत जाणारा नुसता ठोका. दुपारी, कारण दिवेलागणीला मुली घरी पोचायला हव्यात. घरी सांगायचं, 'डाउट क्लास' आहे (शंका विचारायचा जादा तास). वाजवणारा आपलं मशीन घेऊन चाकांच्या पांढऱ्या फळ्यामागे उभा राहायचा. फळ्यावर आदल्या दिवशीची गणितं तशीच. नियम एकच, वाजवणाऱ्याकडे बघायचं नाही, एकमेकांकडे बघून नाचायचं. पोट सुटलेला मी तिथे घामाघूम होईस्तोवर नाचलो आणि कुणी ढुंकून पाहिलं नाही. इतका आनंद मला माझ्या स्वतःच्या वरातीतही झाला नव्हता.

मग शीतपेयवाल्यांना त्याचा वास लागला. ताईला कळलं ते थेट फलकावरून.

रविवारी संध्याकाळी आम्ही मॉलवर गेलो. गच्चीच्या दाराशी खोटा फळा उभा केला होता, त्यावर खोटी गणितं, तीही चुकलेली, आणि त्याच्यापुढे ओठांचे चंबू करून फोटो काढायला रांग. शेजारी 'नमकवाली चाय'. जुन्या शहरातला हा मीठ घातलेला चहा मी आवडीनं पितो. इथल्यात मीठच नव्हतं. कोट घातलेला एक आयोजक जवळ येऊन म्हणाला, "सर, वही अंडरग्राउंड वाली फील आ रही है ना?"

"भाई, हम लिफ्ट से आए हैं," मी म्हणालो. त्याला कळलं नाही. कळण्याची अपेक्षाही नव्हती.

तेवढ्यात ऋजुतानं मला रंगमंचामागे ओढलं. "मामा, आईला बोलू नकोस. मी आज वाजवणार नाहीये."

"म्हणजे?"

"त्यांनी आधीच रेकॉर्डिंग घेतलंय. लाइट, धूर, सगळं त्यावर बसवलंय. मी फक्त हात हलवायचे. मशीनची वायरसुद्धा जोडलेली नाही."

"आणि तू हो म्हणालीस?"

"आईनं एकदा तरी बघावं असं वाटत होतं रे. तळघरात तिला बोलवायची हिंमत नव्हती माझ्यात."

माझ्या तोंडाशी चांगल्या कसदार शिव्या आल्या होत्या. तिच्या चेहऱ्याकडे बघून गिळल्या.

कार्यक्रम सुरू झाला. सगळी गर्दी तोंडं रंगमंचाकडे करून, मोबाइल उंचावून उभी. मधेच ठोका थांबवून लग्नात वाजणारं गाणं घुसवलेलं, की सगळे ओरडणार. नाचत होते मोजके, तेही कॅमेरा आपल्याकडे वळला तरच. असल्या प्रकाराला हे लोक नाच म्हणतात आणि वर तिकीट लावतात.

ताई कठड्याशी टाचा उंचावून उभी होती. तिला गर्दीचं काही नव्हतं. "बघ रे, किती भरभर चालतात हात! पोळ्या लाटायला सांगितल्या की हेच हात दुखायचे." मग तिनं पदरानं डोळे पुसले. मला टेबलाखाली लोंबणारं वायरीचं टोक दिसत होतं. मी मान डोलावली.

परतताना रिक्षात ताई ऋजुताला म्हणाली, "डाउट क्लास म्हणे! बोलावलं असतंस तर आले नसते का मी? कोपऱ्यात उभी राहिले असते. आता तिथे कधी आहे तुमचं?"

"ते बंद झालं, आई. क्लासवाल्यांनी जागा कंपनीला दिली, जाहिरातीच्या शूटिंगला." एवढं बोलून ऋजुता रस्त्याकडे बघत राहिली. घर येईपर्यंत ताईच बोलत होती.

दुसऱ्या दिवशी पुण्याची गाडी पकडली. चार नव्या माणसांपर्यंत पोचायचं तर थोडं बदलावं लागतं, असं हल्ली सगळेच शहाणे सांगतात. त्यांना माझा दंडवत. मला दिसलं ते एवढंच, की जे होतं ते चार माणसांना माहीत होतं, आणि जे नव्हतं ते सगळ्या गावानं पाहिलं.

गाडीतच फोन वाजला. ताईनं घरच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकला होता : 'आमची ऋजुता वाजवताना'. नागपूरच्या काकूंपासून सगळ्यांच्या शाबासक्या येऊन पडल्या होत्या. मी तो शेवटपर्यंत पाहिला. हात खरंच सुंदर चालत होते. ताई माझ्या उत्तराची वाट बघत असणार, म्हणून लिहिलं, 'छान वाजवलंस, ऋजुता.'

ताईनं लगेच लाल बदाम पाठवला. ऋजुतानं वाचल्याची खूण आली.