मुराळ्याचं तिकीट

माझी लेक ब्युनोस आयर्सला राहते, हे आमच्या लोणावळ्याजवळच्या वलवणमध्ये कुणाला सांगायची सोय नाही. नाव ऐकलं की आधी "काय?" आणि मग "म्हणजे अमेरिकेत का?" मी म्हणायचे, अमेरिकाच, पण खालची. की समोरचीचा चेहरा पडायचा. वरच्या अमेरिकेत जागा मिळाली नाही म्हणून पोरीला खाली टाकलीय, असं काहीतरी तिला वाटत असणार. हल्ली मी नुसतं "परदेशात असते" म्हणते आणि भाजीची पिशवी उचलून चालू लागते.

जावई तिथलाच. पुण्यात कामासाठी आला होता, जाताना माझी पोरगी घेऊन गेला. त्याचे आजोबा इटलीहून आलेले, आजी सिरियाकडची. त्यांच्या इमारतीत खाली एका कोरियन बाईचं कपड्यांचं दुकान आहे. अर्ध्या जगानं तिथं येऊन बिऱ्हाड थाटलंय. रात्री दहाला जेवतात, आणि कसलासा कडू चहा एकाच भोपळ्यातून एकाच नळीनं सगळे आळीपाळीनं पितात. उष्टं-खरकटं म्हणून काही नाहीच! लेक ते सांगते आणि हसते. मीही हसते, आणि फोन ठेवला की घरात परत फ्रिजचा आवाज ऐकू यायला लागतो. हे गेल्यापासून घरात बोलणारा तेवढाच.

"आई, तू आजी होणार," असं तिनं सांगितलं तेव्हा मी आनंदानं रडले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठून तयारीला लागले. पासपोर्ट होता. हे असताना दोघांनी काढला होता, त्यावर एक शिक्का उमटला नाही. आता पहिलं बाळंतपण म्हणजे आईचंच काम. बाळ होणार ऐन आषाढात. आषाढात तिथं कडाक्याची थंडी, आणि आमच्याकडे तर भिंतींनासुद्धा बुरशी येते. वलवणमध्ये जूनपासून धुतलेला रुमाल वाळत नाही, मग गोधडी कुठली वाळायला! म्हणून पावसाआधीच गोधडी शिवून, धुऊन, कडक उन्हात टाकून घ्यायची होती. माझी जुनी इरकल, सासूबाईंची दोन मऊसूत लुगडी, असं सगळं काढलं आणि दुपारभर टाके घालत बसले.

डिंक, ओवा, बाळंतशेपा हे तर होतंच. टोपलीवरून मात्र माझं माझ्याशीच भांडण झालं. बाळाचे कपडे धुरीवर शेकायला निखाऱ्यावर पालथी घालतात ती बांबूची टोपली. विमानात नेऊ देतील का? देतीलही. पण त्या इमारतीत निखारे कुठून आणायचे? जावयाला म्हणायचं, बाबा रे, जरा चूल मांड? या सगळ्या शंका मी मोठ्यानं विचारायचे आणि मोठ्यानंच उत्तरं द्यायचे. शेजारीण एकदा खिडकीतून म्हणाली, "कोण आलंय हो?" मी म्हटलं, "कुणी नाही, रेडिओ." माझ्याकडे रेडिओ नाही.

दुपारी कंटाळा आला की फोनवर तिचं शहर उघडायचे. त्यात रस्त्यांचे फोटो दिसतात, बोटानं पुढे पुढे सरकत जाता येतं. तिच्या दारापासून दवाखान्यापर्यंतचा रस्ता मला पाठ झाला होता. कोपऱ्यावर बेकरी, मग औषधांचं दुकान, मग एक माणूस दहा-बारा कुत्री एकदम फिरवायला निघालेला. कधीही जा, तो तिथंच, एक पाय उचललेला. ओळखीचा झाला होता मेला. तिची गॅलरीसुद्धा दिसायची, चौथ्या मजल्यावर. तिथं कुणाचेतरी कपडे वाळत होते. पण फोटो जुना, ती राहायला यायच्या आधीचा. परक्याचे कपडे बघत मी किती दुपारी घालवल्या ते माझं मला माहीत.

आणि एवढं सगळं चाललं असताना लेक मला "ये" म्हणाली नाही.

आमची संध्याकाळ म्हणजे तिची सकाळ. रोज फोन व्हायचा. पाळणा दाखवला, डॉक्टरीणबाईंचं कौतुक झालं, सासूनं विणलेला पिवळा स्वेटर दाखवून झाला. सासू जवळच राहते, रोज येते. मी विचारायचे, काही हवंय का तुला? ती म्हणायची, "नाही गं आई, इथं सगळं मिळतं." सगळं मिळतं! माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबायच्या की फोन ठेवून मी भांडी आपटत घासायचे. मिळत असेल बाई तुला सगळं. आईसुद्धा मिळाली असेल एखादी स्वेटर विणणारी.

मला बोलवायला तोंड दुखत होतं का तिचं? मीही काही कमी नाही. लेकीच्या सासरी आईनं न बोलावता जाऊन पथारी पसरायची नसते, हे मला माझ्या आईनं शिकवलंय. माझी आई वलवणला माझ्या घरी आली की पाणीसुद्धा बेतानं प्यायची. म्हणून मी मूग गिळून बसले. गोधडी तयार झाली, वाळली, घडी घालून कपाटात गेली. मी ना तिला गोधडीचं बोलले, ना पासपोर्टचं. रात्री मात्र उशीला डोकं टेकलं की एकच विचार: पोरीला कळा येतील तेव्हा तिला आपण आठवणार तरी आहोत का?

मे महिन्यात माहेरी गेले. माहेर आंदर मावळात. लोकलनं कान्ह्याला उतरून पुढे जी गाडी मिळेल ती, नाहीतर पाय आहेतच. आता तिथं थोरला भाऊ आणि वहिनी. निमित्त काढलं तांदळाचं, की थोडा घरचा इंद्रायणी हवाय. भाऊ भाताच्या रोपांसाठी राब भाजून आला होता, अंगाला राखेचा वास, ओट्यावर गुडघे चोळत बसला होता. वहिनी चहा टाकायला आत गेली. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "काय गं बाय, तोंड का उतरलंय तुजं?"

मग मी सगळं ओकले. लेक बोलावत नाही, सासूचं कौतुक सांगते, इथं सगळं मिळतं म्हणते. मी काय आगंतुकासारखी जाऊ? त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मला सांग, तुज्या येळंला तू मला बोलीवलं व्हतंस?"

"मी कशाला बोलवू? तू मुराळी होतास."

"मग?"

मुराळी म्हणजे माहेराहून लेकीला न्यायला जातो तो. बाप नाहीतर भाऊ. पहिलटकरणीनं स्वतःहून माहेरी जाते म्हणायचं नाही, तसा निरोपही धाडायचा नाही. मागून माहेर मिळवायचं, तर त्यात आईबापाची मान खाली जाते. मुराळी आपणहून येतो, सासू ओटी भरते, आणि बाई त्याच्यामागून निघते. माझ्या वेळी सातवा लागला तरी कुणी आलं नव्हतं. मी वलवणच्या घरात भाकरी थापत असायचे आणि कुत्रं भुंकलं की हात थांबायचा. सासूबाईंना मी एका शब्दानं विचारलं नाही. एक दिवस कुत्रं भुंकलं आणि दारात भाऊ, धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं. तव्यावरची भाकरी मी तशीच सोडून उठले, ती करपली. जन्मात तेवढा आनंद मला पुन्हा झाला नाही.

"मी आलतो का न्हाई?" भाऊ म्हणाला. "त्या पोरीला बाप न्हाई, भाऊ न्हाई. तिला न्यायला कोन जायाचं? मी? मला हितं वड्यापत्तूर चालवंना. तू लेकीच्या सासरी पाव्हनी चाललीस असं धरून बसलीस. पाव्हनी कुटं, तू मुराळी हाईस, येडे."

वहिनी चहा घेऊन आली तेव्हा मी पदरानं डोळे पुसत होते. ती भावावर डाफरली, "आल्या आल्या रडवलीत व्हय पोरीला?" साठी उलटलेली मी, पण त्या ओट्यावर मी अजून पोर आहे. तांदूळ मी मागितला त्याच्या दुप्पट मिळाला.

दुसऱ्या दिवशी घरी पोचले. संध्याकाळी फोन लागला. ती चहाचा कप घेऊन खिडकीत बसली होती, चेहरा सुजलेला. मी कशी आहेस वगैरे काही विचारलं नाही. एकदम म्हटलं, "मी तुला न्यायला येतेय."

तिचं चित्र जागच्या जागी थांबलं. मला वाटलं फोन अडकला. मग दिसलं, तिनं कप खाली ठेवला होता आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. अशी रडली, अशी रडली! लहानपणी पडायची तेव्हासुद्धा अशी रडली नव्हती. "किती दिवस लावलेस गं आई," म्हणाली. "मी रोज वाट बघतेय, आज म्हणशील, उद्या म्हणशील."

"मग तोंडानं सांगायला काय झालं होतं?"

"तूच सांगायचीस ना, माहेर मागून घ्यायचं नसतं. ती भाकरीची गोष्ट किती वेळा सांगितलीस मला. मला वाटलं, बाबा नाहीत, आता मुराळी यायचाच नाही."

कप्पाळ माझं! मी इथं बोलावण्याची वाट बघत गोधडी शिवतेय आणि ती तिथं कुत्रं भुंकायची वाट बघतेय. इतक्या लांब जाऊन, त्या इटालियन-सिरियन घरात नांदून, पोरगी मनानं वलवणच्या चुलीपुढंच बसली होती. आम्ही दोघी हसलो, मग परत रडलो. थोड्या वेळानं नाक पुसून ती म्हणाली, "पण आई, मला नाही गं येता येणार. डॉक्टर विमानात बसू देत नाहीत. आणि नंतर तरी... घर इथंच आहे ना माझं."

"माहीत आहे मला," मी म्हटलं. "तरी न्यायला येते." टोपली आणू का म्हणून विचारलं तर म्हणाली, आण.

तिकीट काढायला लोकलमधून घोरावाडीला उतरले. कारखान्यात पॅकिंगला होते तेव्हा रोज इथंच उतरायचे. स्टेशनजवळ तिकिटं काढून देणारी एक बाई आहे, ओळखीतली, भली आहे. तिनं कम्प्युटरवर तारखा बघितल्या, कुठं विमान बदलायचं ते समजावून सांगितलं, सामानात निखारे नाहीत ना म्हणून माझी टिंगल केली. मी खुशीत होते. किती दिवसांनी कुणाशी तरी समोरासमोर बसून या जाण्याबद्दल बोलत होते.

मग तिनं चष्मा वर केला आणि सहज विचारलं, "मावशी, जातानाचं एक झालं. येतानाचंही एकच ना?"

भाऊ मला न्यायला आला होता तेव्हा लोणावळ्याला खिडकीवर त्यानं दोन तिकिटं मागितली होती. जरा मोठ्यानंच, आजूबाजूच्यांना ऐकू जावं म्हणून.

"एकच," मी म्हटलं.