बोळिंजचा इटालियन

बोळिंजच्या ग्राउंडवर त्याला सगळे इटालियन म्हणतात, कारण त्याच्या झेरॉक्सच्या दुकानात गिऱ्हाईक नसलं की तो मोबाईलवर एका जुन्या इटालियन डिफेंडरच्या फुटबॉल मॅच बघत बसतो. वय बेचाळीस, पोट सुटलेलं, तरी डिफेन्समध्ये तोच! धावत नाही, चिकटतो. समोरच्याचा टी-शर्ट धरून कानात विचारत राहतो, "जेवलास का? आई बरी आहे ना?" रेफरी वळला की हात मागे.

गेल्या रविवारी एका क्लबचे कोच मला बघायला आले होते. मी फॉरवर्ड, इटालियन समोरच्या टीममध्ये. मॅचआधी मी त्याला हळूच म्हटलं, "दादा, आज जरा सैल सोड ना."

"बघू."

कसलं बघू! अख्ख्या मॅचमध्ये माझा एक शॉट गोलवर गेला नाही. मी चिडलो, शिव्या दिल्या, परत परत घुसलो. शिट्टी वाजली तेव्हा मला रडायलाच येत होतं.

कोच हसत त्याला म्हणाले, "वीस वर्षांपूर्वी कुठे होता तुम्ही?"

"माझं सोडा, याला घ्या," तो धापा टाकत म्हणाला. "बाकीचे पंधरा मिनिटांत कंटाळून लांब उभे राहतात. हा शेवटपर्यंत माझ्या अंगावर येत होता."

कोचनी माझा नंबर घेतला. मी इटालियनकडे न बघता बूट काढत बसलो.