पदराआडची मिशी

श्रावणभाऊंची नि माझी पहिली ओळख भांडणातून झाली, हे या गौरवग्रंथात आधीच कबूल करतो. स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली होती. मूल शहराजवळच्या आमच्या गावी मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, नाटकाची तालीम चालू होती. नवरा-बायकोचं विनोदी नाटक. बायकांची कामं तेव्हा पुरुषच करीत. श्रावणभाऊ बायको, मी प्रॉम्प्टर. मी म्हटलं, "मिशी काढा." ते म्हणाले, "बाप जिता हाये माहा. मिशी नाई काढत. तुमाले जमत नसन तं दुसरा पाहा."

आमच्याकडे मिशी उतरते ती बाप गेल्यावरच. त्यांचे वडील लटारुजी म्हणाले, "पोराची मिशी गेली तं गाव मले मेला समजन ना!" पण असा नट पंचक्रोशीत दुसरा नव्हता. शेवटी तोंडावर पदर धरूनच श्रावणभाऊ उभे राहिले.

ऐन भांडणाच्या प्रवेशात पदर घसरला. पहिल्या रांगेतले लटारुजी घाबरून मोठ्यानं खोकले. श्रावणभाऊंनी झटकन पदर ओढला, "अवं माय, मामंजी!" लोक हसून लोळले. पुढं दरवर्षी त्याच जोडप्याचं नवं नाटक बसे, आणि लटारुजी बैलगाडीनं गावोगावी खोकायला येत.

माणूस म्हणून किती सांगू? रंगमंचापुढच्या प्रॉम्प्टरच्या खड्ड्यात मी थंडीनं कुडकुडतो म्हणून श्रावणभाऊ आपलं घोंगडं मला देत आणि स्वतः लुगड्यात काकडत.

मग एका वर्षी मंडईच्या तोंडावरच लटारुजी गेले. गावाला शब्द दिलेला. तेरवी आटोपून श्रावणभाऊ आले; मिशी उतरलेली, आता पदराची गरज नव्हती. भांडणाच्या प्रवेशापर्यंत नाटक छान रंगलं. तिथं ते थांबले. पहिल्या रांगेकडे बघत राहिले. मी तीनदा वाक्य दिलं, त्यांना ऐकूच जाईना. लोक चुळबुळू लागले. मला दुसरं काही सुचलं नाही. खड्ड्यातून मी खोकलो.

श्रावणभाऊंनी कोऱ्या ओठांवर पदर ओढला. "अवं माय, मामंजी!" मांडव हसून दणाणला. पदराच्या वरचे डोळे वाहत होते, ते खड्ड्यातून फक्त मलाच दिसले. मीही रडलो, लाज कसली त्यात!

आज श्रावणभाऊ पंचाहत्तर वर्षांचे झाले. त्यांना तीन मुलगे आहेत, तिघांनाही झुपकेदार मिशा आहेत. श्रावणभाऊ ठणठणीत राहोत, आणि त्या तिन्ही मिशा पिकून पांढऱ्या होईपर्यंत त्यांना वस्तरा न लागो.