चोर स्विच

वडिलांना पक्षाघात होऊन सात आठवडे झाले होते. तितकेच दिवस त्यांची गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी होती. मंगळवारी त्यांना तपासणीसाठी न्यायचं होतं. मागच्या वेळी दोन टॅक्सीवाल्यांनी गेटपाशी चाकांची खुर्ची पाहिली आणि काच खाली न करताच निघून गेले. म्हणून शनिवारी सकाळी मी किल्ली घेऊन खाली उतरलो. मला गाडी चालवता येते, पण ही गाडी वडिलांनी अकरा वर्षांत कुणाच्या हाती दिली नव्हती.

किल्ली फिरवली. एकदा टक् असा आवाज आला आणि दिवे विझले. बॅटरी उतरली होती.

मार्केट यार्डाच्या मागे गॅरेज असलेले मेकॅनिक तासाभराने आले. पन्नाशीचे, कमी बोलणारे. वडिलांची गाडी तेच बघत. त्यांनी आपल्या बॅटरीवरून वायरी जोडल्या. आता इंजिन फिरू लागलं, पण पकडेना. दहा-दहा सेकंद घुरघुरायचं आणि थांबायचं.

"बॅटरी मेली होती, पण एकटी नव्हती मेलेली," ते म्हणाले.

त्यांनी प्लग काढून ठिणगी पाहिली, ती होती. टाकीत पेट्रोल होतं. मग मला किल्ली अर्धी फिरवायला सांगून ते मागच्या सीटला कान लावून बसले. पेट्रोलचा पंप तिथे असतो, किल्ली फिरवली की दोन सेकंद गुणगुणतो. काही ऐकू आलं नाही. फ्यूज ठीक होता. डॅशबोर्डखाली टॉर्च मारून बघताना त्यांना एक काळी वायर दिसली, कापडी टेप गुंडाळलेली.

"ही कंपनीची नाही. नंतर टाकलीय. चोर स्विच आहे का गाडीला? चोरी होऊ नये म्हणून लपवलेलं बटण?"

मला माहीत नव्हतं. "तुम्ही बसवला नाहीत?"

"मला कशाला सांगतील? मी मेकॅनिक. पहिला संशय माझ्यावर."

मग एक गोष्ट लक्षात आली. गाडी घेतली त्याच वर्षी सोसायटीतून एकाची गाडी चोरीला गेली होती. तेव्हापासून वडिलांचा एक नियम होता: ते एकटे खाली जाऊन गाडी सुरू करणार, गेटशी आणणार, मग आम्ही बसायचं. आम्ही ती त्यांची शिस्त समजत होतो. ते छुपं बटण दाबल्याशिवाय पंपाला वीज मिळत नव्हती, आणि ते कुठे आहे हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं. त्या माणसाची वाचा गेली होती.

"काही अडत नाही," मेकॅनिक म्हणाले. "वायर कापतो, डायरेक्ट करतो. दहा मिनिटं."

मी त्यांना थांबायला सांगितलं.

त्यामागचं कारण गाडी नव्हतं. वडिलांची उजवी बाजू गेली होती आणि शब्द गेले होते. समज उरली आहे की नाही, हे कुणी खात्रीने सांगत नव्हतं. त्यांना बोलतं करायला एक थेरपिस्ट बाई घरी येत. त्यांनी आदल्या आठवड्यात स्पष्ट सांगितलं होतं, की सांगितलेलं कळतंय अशी एक तरी खूण येत्या सोमवारपर्यंत दिसली नाही, तर पुढे येण्यात अर्थ नाही. आईचं म्हणणं होतं, त्यांना सगळं कळतं. पुरावा म्हणून ती सांगे, की कुकरची शिट्टी झाली की ते स्वयंपाकघराकडे बघतात. ते कधी बघत, कधी नाही. मी मोजलं होतं.

वडिलांना लिफ्टमधून खाली आणलं. मेकॅनिकने आणि मी उचलून त्यांना स्टिअरिंगपुढे बसवलं. आई वर गॅलरीत उभी राहिली. खाली ये म्हटलं तर म्हणाली, "मी असले की ते माझ्याकडेच बघत बसतात."

"काका, तुमच्याशिवाय हलत नाही ही," मेकॅनिक म्हणाले. "कुठं लपवलंय बटण? आम्ही दोघं हरलो."

वडील समोरच्या खांबाकडे पाहत राहिले. मी त्यांचा डावा हात उचलून स्टिअरिंगवर ठेवला. तो घसरून मांडीवर आला. थोड्या वेळाने बोटं हलली. मेकॅनिकने माझ्याकडे पाहिलं. बोटं शर्टाच्या खालच्या गुंडीपाशी गेली, ती काढू लागली, निघाली नाही, पुन्हा काढू लागली.

"बाबा, गाडी सुरू करायचीय. बटण," मी म्हणालो. हे मी चार वेळा म्हणालो, सावकाश, थेरपिस्टने शिकवल्याप्रमाणे. वीस मिनिटं थांबलो.

"पुरे आता, साहेब," मेकॅनिक हळू म्हणाले. "त्यांना दमवू नका."

त्यांनी वायर कापली नाही. टेपचा माग धरत ते डॅशबोर्डपासून गालिच्याखालून मागे आले. हँडब्रेकच्या रबरी कव्हराखाली बोटाच्या पेराएवढं बटण होतं. वडिलांच्या डाव्या हातापासून एक वीत. अकरा वर्षं त्याच हाताने दाबलेलं. मेकॅनिकने ते दाबलं, मागे पंप गुणगुणला आणि पहिल्याच किल्लीला इंजिन लागलं. वडिलांचा हात गुंडीवरच होता. त्यांनी मान वळवली नाही.

आवाज ऐकून आई जिन्याने खाली आली. लिफ्टसाठीही थांबली नव्हती.

"दाखवलं ना त्यांनी? मी म्हणतच होते."

मेकॅनिक अवजारं गोळा करू लागले.

"नाही," मी म्हणालो. "यांनी शोधलं."

ती गाडीत वाकली, वडिलांची गुंडी नीट केली. "तुम्ही घाई केली असणार. मागे लागलेलं त्यांना पहिल्यापासून खपत नाही."

"वीस मिनिटं थांबलो."

"त्यांना वीस मिनिटं म्हणजे काहीच नाही," ती म्हणाली.

सोमवारी सकाळी थेरपिस्टचा फोन आला. आई वडिलांना पेज भरवत होती. काही खूण दिसली का, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हणालो. मग त्या बराच वेळ बोलल्या, चांगलं बोलल्या, आणि मी ऐकून घेतलं. फोन ठेवल्यावर आईने चमचा वाटीत ठेवला.

"ते गाडीचं बाईंना सांगू नकोस हं," ती म्हणाली. "उगाच गैरसमज होईल."

ते मी त्यांना शनिवारीच कळवलं होतं.