स्पॉन-डिलायसिस

बायकोनं अन् मी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे उशीला अभ्रा घालणं. तिनं उशी धरली, मी अभ्रा चढवला.

"अवो, उलटा घातला! शिलाई वर आली! सगळा जलम गेला, पर अभ्रा काय जमला नाय!"

मग ती डायलिसिसला गेली ती माघारी आलीच नाय.

तवापासनं मी दोन्ही उशा घेऊन झोपायचो. खाली माझी, वर तिची. मान अशी धरली की कुणी हाक मारली तर मालट्रकवानी सगळंच्या सगळं वळावं लागायचं (मागं घेतानाचं गाणं तेवढं वाजत नव्हतं!).

डॉक्टरनं मानेचा फोटो काढला अन् एक लांबलचक इंग्रजी नाव फेकलं. माझी शाळा चौथीची. आख्खा शब्द तोंडात मावंना, म्हणून रिक्षात त्याचे तुकडे केले. स्पॉन... डिलायसिस! मागला तुकडा माझ्या चांगल्या वळखीचा होता.

पुढल्या तुकड्यासाठी शेजारच्या सलीमभाई टेलरला गाठलं. "स्पॉन म्हणजे काय वो?"

"स्पॉन? स्पॉन्सर होंगा, अण्णा! मतलब फुकट में होता!"

मरायचं भ्या होतंच, पर फुकट म्हणल्यावर जरा बरं वाटलं.

लेकीला फोन केला, मला बी डायलिसिस सांगितलंय म्हणलं. रेखा शेंद्र्याच्या कंपनीतनं कामाच्या ड्रेसवरच धावत आली. "आबा, माझी एक किडनी घ्या!"

"येडी का खुळी? तुझ्या लेकरांचं काय?"

"त्यांना त्यांच्या हायेत की! आई गेली, तुम्हाला नाय जाऊ द्यायची."

तशीच मला धरून तिनं डॉक्टरपुढं उभं केलं. त्याला आधी काही कळंना, मग हसूच आवरंना.

"काका, शब्द भलतीकडंच तोडला तुम्ही! स्पॉन्डिल म्हणजे मणका, ओसिस म्हणजे बिघाड. स्पॉन्डिल-ओसिस! डायलिसिस कुठून आणलं?"

"अन् किडनी?" रेखानं विचारलं.

"अहो ताई, मी मान बघितली! लघवीची काही तक्रार?"

"एकदम झकास!" मी एवढ्या जोरात बोललो की बाहेरचे पेशंट आत डोकावले. रेखा हसत हसतच डोळे पुसायला लागली.

"उशा किती घेता?"

"दोन."

"एक बंद करा."

दुसरी उशी कुणाची ते रेखाला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक उशी सलीमभाईला देऊन टाकली. माझी! तिच्या उशीला धुतलेला अभ्रा चढवला अन् बघतो तर शिलाई वर! इंग्रजी शब्द कुठं तोडायचा ते ह्या वयात शिकलो, पर अभ्रा काय जमला नाय.