डावं पान

बोरसे नानांनी मला दुसऱ्यांदा वही हातात धरायला लावली, ते आधी सांगते. ते गेले, हे नंतर. धुळ्याकडच्या शाळेतून मास्तर म्हणून निवृत्त झाल्यावर जळगावला, दालमिलच्या मागच्या गल्लीत, ते एकटेच एका खोलीत राहायचे. मी नववीत शाळा सोडून आईबरोबर मिलमध्ये डाळ निवडायला जायचे आणि रविवारी सकाळी धाकट्या पल्लवीला त्यांच्याकडे पोहोचवायचे. गल्लीतल्या पोरांना ते मोबाइलमधल्या एआयबद्दल शिकवायचे, ते कसं शिकतं, त्याला काय विचारावं, त्याच्यावर किती विसंबावं. मी दारातच उभी असायचे. एकदा म्हणाले, "पोरी, तू हवा अडवी राह्यनी. आत बस." मी आत बसले.

गेल्या महिन्यात, बुधवारी, जेवणाच्या सुट्टीत पल्लवीचा फोन आला. मी इथे तामिळनाडूत, तिरुपूरला, बनियनच्या कारखान्यात. "ताई, नाना गेले. सकाळी दार उघडलंच नाही. डॉक्टर म्हणे हार्ट अटॅक..." पुढचं मला ऐकू आलं नाही. मला आधीचा रविवार आठवत होता.

नानांचा पहिला धडा डाळीचा होता. एका पोराला समोर बसवून म्हणायचे, तू मशीन. त्याला मिलमधली पॉलिशची पिवळीधमक डाळ दाखवायची, ही चांगली. खडे दाखवायचे, हे वाईट. मग गावाकडून आलेली, जात्यावर भरडलेली, साल चिकटलेली तुरीची डाळ पुढ्यात ओतायची. पोरानं ती सगळी खड्यांत टाकली. बाकीचे हसायला लागले, तर नाना म्हणाले, "हासू नका. तेनी चूक नही. तेले ही दखाडीच नही." दोन वर्षं मी डाळ निवडत होते, पण डाळीकडे असं कधी बघितलं नव्हतं. पुढे काही महिन्यांनी आमच्या मिलमध्ये कॅमेऱ्यानं डाळ निवडणारं मशीन आलं आणि आम्हा बायकांना घरी बसायला सांगितलं. आई घरी बसली, मी तिरुपूरला आले.

निघताना नानांनी दोनशे पानी वही दिली. मोबाइलला काही विचारायच्या आधी डाव्या पानावर स्वतःला काय वाटतं ते लिहायचं. उजव्या पानावर मोबाइलमधलं मशीन काय म्हणालं ते, शेवटच्या ओळीपर्यंत वाचून. आणि तळाला, ज्या जाणत्या माणसाला विचारून खात्री केली त्याचं नाव. मी म्हटलं, "नाना, नववी सोडलेलीनं डाव्या पानावर काय लिहायचं?" म्हणाले, "तुले जे वाटस ते. चुकीचं लिख. पन कोरं ठेवू नको."

इथे होस्टेलच्या नियमांचा कागद तमिळमध्ये होता. मोबाइलनं मराठी करून दिलं, रविवारी बाहेर जाता येईल. डाव्या पानावर मी आधीच लिहिलं होतं, असं सहज सोडणार नाहीत. शेजारच्या मशीनवरच्या तमिळ अक्कानं कागद वाचला आणि खुणांनी सांगितलं, वॉर्डनची सही लागते. ती ओळ मोबाइलनं गाळलीच होती. फोनवर हे ऐकून नाना इतके खूश झाले... "आता तळाले तिनं नाव लिख," म्हणाले.

दर रविवारी वर्ग सुटला की त्यांचा फोन यायचा. त्या शेवटच्या रविवारी म्हणाले, दोन दिवस छातीत जळजळतंय, शेवभाजी तिखट झाली होती. बोलता बोलता ते मध्येच थांबत होते, दम लागल्यासारखे. मला भीती वाटली. म्हणून घाईनं मोबाइलमध्ये लिहिलं, म्हातारा माणूस, तिखट खाल्लं, जळजळ. दम लागतोय हे लिहिलंच नाही. वरच्या चार ओळी वाचून दाखवल्या, पित्त असू शकतं, थंड दूध घ्यावं. बरं वाटलं मला. नानांनी विचारलं, "ते जाऊ दे. तुले काय वाटस?"

मी म्हटलं, "मला काय कळतंय, नाना."

ते हसले. "बरं. दूध पी लेस मी."

बुधवारी तेच उत्तर पुन्हा उघडलं. खाली, अगदी शेवटी, लिहिलं होतं, दम लागत असेल तर ताबडतोब दवाखान्यात न्या. नाना गावाकडची डाळ ओतायचे, तसं त्यांना दम लागतोय हेही मी मशीनसमोर ओतायला हवं होतं. मी दाखवलंच नाही.

खोली आता दुसऱ्याला भाड्यानं गेली आहे. पल्लवी म्हणते, पोरं सगळा गृहपाठ मोबाइलमधून उतरवतात, डावं पान कुणी विचारत नाही. तीही उतरवते, तिनंच सांगितलं. मी रागावले नाही. कोणत्या तोंडानं रागावणार? हा लेख मात्र मोबाइलला लिहू दिला नाही. शुद्धलेखन पल्लवीनं बघितलं.

वही माझ्या ट्रंकेत, कपड्यांखाली आहे. त्या रविवारचं पान मी नंतर लिहिलं. उजवीकडे पित्त, दूध आणि ती शेवटची ओळ. डावीकडे, 'मला भीती वाटते, नाना. आत्ताच दवाखान्यात जा.' तळाला नाव लिहायला कुणी नाही. जळगावला परत कधी जाईन, तिथे मला काम मिळेल का, काही सांगता येत नाही. पण गेले तर आईच्या घरापुढच्या ओट्यावर एका रविवारी डाळ ओतून बसेन, एक पोर आलं तरी. नाना, तुमचं देणं मी तिथे फेडीन.