निळा ड्रम आणि कोनचे पाहुणे

आमच्या गावची फुटबॉल टीम मी कुठे बसते यावर जिंकते किंवा हरते, असं यंदाच्या हिवाळ्यात ठरलं. ठरवताना मला कोणी विचारलं नाही, पण आमच्या घरात ही पद्धत जुनीच आहे.

शेजारच्या वळ गावाच्या बाजूला जिथे आमचा भात व्हायचा तिथे आता पत्र्याची गोडाऊन आहेत. त्यातल्या दोन गोडाऊनच्या मध्ये एक प्लॉट भाडेकरूची वाट बघत मोकळा पडलाय, तेच आमचं ग्राउंड. कॅप्टन माझा चुलतभाऊ. बाकीचे पॅकिंगमधले, लोडिंगमधले, आणि गोलमध्ये एक फोर्कलिफ्टवाला, ज्याला सगळे गोली म्हणतात. ही टीम सगळ्यांकडून हरायची. एका रविवारी काकीने माझ्या हातात लिंबू सरबताचा कॅन देऊन मला तिथे पाठवलं. खुर्च्यांवर पुरुष बसलेले होते, म्हणून मी एका पालथ्या निळ्या प्लास्टिकच्या ड्रमवर बसून पुस्तक वाचलं. टीम जिंकली. पुढच्या रविवारी मी घरी होते आणि टीम हरत होती. हाफटाइमला चुलतभाऊ बाइकवर आला आणि त्याने मला ओल्या केसांनिशी उचलून ड्रमवर नेऊन बसवलं. टीम पुन्हा जिंकली. तिथे विषय संपला.

मग टीम जिंकतच गेली. काहीही बदलायचं नाही असा नियम झाला. गोलीने मोजे धुणं बंद केलं. थोड्या दिवसांनी ते मोजे गोलीच्या आधी ग्राउंडवर पोचायला लागले. मी नेहमी तोच ड्रम, तीच दिशा, शक्यतो तेच पुस्तक. मी पान उलटलं की गोल होतो, असाही एक शोध लोडिंगमधल्या एकाने लावला होता. सुदैवाने तो फार चालला नाही.

या सगळ्यावर सर्वांत जास्त विश्वास पप्पांचा. पप्पांचा मूळ खेळ मात्र बॉक्सिंग, म्हणजे बघायचा. मोठ्या फाइट तिकडे परदेशात शनिवारी रात्री होतात, आपल्याकडे तेव्हा रविवारची सकाळ असते. गोडाऊनच्या ऑफिसात मोठा टीव्ही लावून गावातली दहाबारा माणसं बनियनवर बसतात, चहा पितात आणि जगज्जेत्यांना मराठीत सूचना देतात. "हात वर ठेव रे, हात वर." यातल्या एकानेही आयुष्यात कुणाला धड चापट मारलेली नाही. जिना चढताना धाप लागणारी माणसं दहाव्या राउंडला म्हणतात, याचा दम कमी पडतो.

मागे एका टायटल फाइटमध्ये कोणीच पडलं नाही. बाराही राउंड झाले, दोघांनी एकमेकांना मिठ्या मारल्या आणि निकाल पॉइंटवर लागला. पप्पा आठवडाभर खवळलेले होते. दूधवाल्याला, ट्रकवाल्यांना, बँकेतल्या साहेबालाही त्यांनी पटवून दिलं की ही फिक्सिंग आहे. जेवताना मलाही. "हरायचं तर मार खाऊन हरावं माणसाने. ठरवून काय हरायचं?" मी मान हलवली. मी सहसा मान हलवते. मला बोलायचं नसतं तेव्हा ते पुरतं, आणि बोलायचं असतं तेव्हाही मी तेच करते.

त्याच सुमारास आत्याने स्थळ आणलं. कोन गावचं. मी एम.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे, परीक्षा मेमध्ये. ती दिल्याशिवाय मला कुठेही जायचं नव्हतं. आत्याचं म्हणणं, उरलेलं तिकडे जाऊन कर. आत्याची थोरली मुलगी असंच उरलेलं बांधून सासरी गेली होती. ते अजून तिथल्या माळ्यावर आहे.

"दादा, रोडला लागून जागा हाय त्यांची," आत्या म्हणाली. "रविवारी बोलवू बघायला?"

"रविवारी न्हाय जमणार. मॅच हाय."

"मग पुढल्या रविवारी?"

"पुढल्याही हाय."

"ड्रमावर बसून म्हातारी व्हायची पोर."

"जिंकतायत तोवर बसू दे. मग बघू."

मला ऑफसाइड अजून कळत नाही. पण त्या दिवसापासून मी पुस्तकाआडून टीमसाठी मनापासून प्रार्थना करायला लागले. आमच्या गावात माझ्याइतका कट्टर फुटबॉलप्रेमी तेव्हा दुसरा नसेल. टीम हरली की बघायचा कार्यक्रम, कार्यक्रम झाला की सुपारी, सुपारी झाली की पुस्तकं माळ्यावर.

पण आत्या हार मानणारी नव्हती. मुलगा कोनच्या टीमकडून खेळतो, असं तिने शोधून काढलं. मग मॅच त्यांच्याशीच ठेवू, मॅचही होईल आणि मुलगीही बघून होईल. पप्पांना ही कल्पना फार आवडली. एकाच मांडवात दोन कामं, आणि पोहे एकदाच.

ते आले. मुलगा, त्याचे आई-वडील, आणि सगळीकडे असतो तसा एक मामा. मुलाचे बूट नवे होते. त्याने नाडी बांधताबांधता माझ्याकडे एकदा बघितलं, सेकंडहँड टेम्पोकडे बघतात तसं, फक्त टायरला लाथ मारून बघितली नाही एवढंच. पाहुण्यांना खुर्च्या, मला ड्रम. पोहे आत्यानेच फिरवले, कारण मी उठले तर टीम हरली असती.

पहिल्या हाफमध्ये चुलतभावाने गोल मारला. आमची माणसं ओरडली. मामाने पोह्याची बशी खाली ठेवली.

हाफटाइमला आत्या पप्पांना बाजूला घेऊन आली, म्हणजे माझ्या ड्रमजवळ. ड्रमवर बसलेल्या मुलीला ऐकू येत नाही असा त्यांचा समज असावा.

"दादा, वरपक्ष हाय तो. घरी बोलवून हरवून पाठवणार का त्यांना?"

पप्पांचा चेहरा उतरला. इतके दिवस जिंकण्याच्या नादात हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. मुलीकडच्यांनी मुलाकडच्यांच्या पाया पडायचं असतं. त्यांना एका गोलानेही मागे टाकायचं नसतं. पप्पांनी चुलतभावाला बोलावलं.

"सांभाळून घ्या जरा. पाहुणे हायत."

"काका, म्हणजे हरायचं?"

"हरायचं कोण म्हणतंय? जिंकायचं न्हाय, बस."

चुलतभाऊ गोलीकडे गेला. "भाई, उनको जीतने देने का."

"क्यों? पैसा खाया क्या?"

"रिश्ते की बात है, भाई."

"रिश्ता है तो घर में करो ना. मेरे गोल में क्यों घुसा रहे?"

तरी माणूस भला. सेकंड हाफमध्ये मुलाचा एक शॉट एवढा हळू आला की त्याला वाटेत चहा पिता आला असता. गोली खाली बसून न धुतलेले मोजे नीट करत राहिला. एक-एक. मामाने बशी पुन्हा उचलली. मग आमच्या डिफेंडरने काही कारण नसताना बॉल हातात धरला आणि पेनल्टी दिली. मुलगा पाच पावलं मागे गेला, केस सारखे केले, धावला. गोली आधीच दुसऱ्या बाजूला जाऊन आडवा झाला होता, अख्खी जाळी रिकामी होती. बॉल तिच्यावरून मागच्या गोडाऊनच्या पत्र्यावर गेला. केवढा आवाज झाला. लोडिंगमधला कोणीतरी म्हणाला, "घुसला, पण गोडाऊनला."

पप्पा तेव्हा माझ्याकडे आले. टीम हरायचा एवढा प्रयत्न करतेय आणि तरी हरत नाही, याचं कारण त्यांना सापडलं होतं.

"बाय, उतर खाली. पाहुण्यांकडे जाऊन बस, चहा दे त्यांना."

माझा त्या ड्रमवर कधीच विश्वास नव्हता. पण त्या क्षणी तो मला माझ्या मालकीच्या एकमेव जमिनीसारखा वाटला.

"पायाला मुंग्या आल्यात, पप्पा."

"मग दोन मिनिटांनी ऊठ."

"हो."

मी पान उलटलं. ते तिथेच उभे राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "एक मॅच हरली म्हणून काय होतंय?"

"हरायचं तर मार खाऊन हरावं ना," मी म्हणाले. "ठरवून काय हरायचं?"

मी हे मोठ्याने म्हणाले हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. खुर्च्यांकडे वळून त्यांनी पाहुण्यांना हसून दाखवलं, आणि तेवढ्यात आमच्या चुलतभावाने बॉल घेतला. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं. मग कोनचे दोघे चुकवले, आणि तिसरा चुकवायची गरज नव्हती, कारण तिसरा नवरा मुलगा होता. गोल. आमची माणसं ओरडायचं की नाही ते न कळून पप्पांकडे बघत राहिली.

"तू उठली न्हाईस ना, ताई," चुलतभाऊ नंतर मला म्हणाला. "मला वाटलं काकांनी प्लॅन बदलला."

मामा जाताना म्हणाला, ग्राउंड तिरकं हाय. मुलाची आई म्हणाली, कळवतो. त्यांनी लवकरच कळवलं. मुलाला जरा बोलकी मुलगी हवी आहे. आत्या माझ्याशी बोलेनाशी झाली, तिचं मी मनावर घेतलं नाही. मग एका रविवारी टीव्हीवर कोणीतरी तिसऱ्याच राउंडला धाडकन पडला, पुन्हा उठला नाही, आणि पप्पा कुणाकडेही न बघता म्हणाले, "हा खरा हरला." मग ग्राउंडवर जायला निघताना त्यांनी मला विचारलं, अभ्यासाचं पुस्तक घेतलंस का.

घेतलं होतं. परीक्षेला अजून बरेच रविवार आहेत. येत्या रविवारी शेलार गावची टीम येतेय. त्यांच्यात लग्नाचं कोणी नाही, एवढं मी चुलतभावाला आधीच विचारून घेतलंय.